उताराच्या घराची ट्रायल

ती गेल्याचं मला कळलं, तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या.

दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटाची ट्रायल चालू होती. त्याचा डावा खांदा उतरतो, म्हणून मी मागून कापड चिमटीत धरून टाचत होतो. फोन वाजला. मी वाजू दिला. थांबला आणि पुन्हा वाजला. गिऱ्हाईकच म्हणालं, "घ्या मास्तर. मी कुठे पळून जातोय? तुमच्या टाचण्या आहेत अंगावर."

पलीकडे कोच बाई होत्या. माझी बायको आर्किटेक्ट, आणि त्या काळात ती या बाईंचं घर करत होती. धरणाच्या पाण्याच्या अगदी काठावर. त्या दिवशी सकाळी ती तिकडेच गेली होती.

"मास्तर, आधी बसा," बाई म्हणाल्या.

"बोला ना."

"बसलात का?"

मी स्टुलावर बसलो. टाचण्या हातावर काढल्या.

"तुमची बायको गेली. आम्ही दोघी काठावर होतो. पाणी कुठवर येतं ते ती बघत होती. म्हणाली, जरा बसते. बसली आणि आडवी झाली. डॉक्टर येऊन गेले, काही उरलं नव्हतं. मी तुम्हाला फिरवून सांगणार नाही. मी तिच्याजवळ आहे. तुम्ही येईपर्यंत हलत नाही."

आयुष्यभर तलावाच्या काठावर उभं राहून पोरांना पोहायला शिकवणाऱ्या बाई. आवाज तसाच होता, सरळ. त्या सरळपणाचे उपकार मी अजून मानतो. गोड बोलून कुणी सांगितलं असतं, तर मला ते खरं वाटायला आणखी वेळ लागला असता.

गिऱ्हाइकानेच मला स्वतःच्या गाडीतून नेलं. कोट अंगात तसाच, टाचण्यांसकट. काठावर पोचलो तर बाईंची चाकांची खुर्ची रिकामी दिसली. बाई जमिनीवर बसल्या होत्या, तिचं डोकं मांडीवर घेऊन. एका अपघातानंतर त्यांचे पाय चालत नाहीत. खुर्चीतून खाली कशा उतरल्या ते मी विचारलं नाही. कपड्यांना चिखल लागला होता, यावरून काय ते समजलो.

आमचं घर म्हणजे एक शिंपी आणि एक आर्किटेक्ट. लोकांना याची गंमत वाटायची. तिच्या पहिल्याच घराच्या वेळची गोष्ट आहे. घर बांधून झालं आणि मालकीण म्हणाली, स्वयंपाकघरात दोन माणसं आली की एकाला बाहेर जावं लागतं. ही घरी आली ती तोंड पाडून. मी चेष्टेने म्हटलं, "ट्रायल न घेता कापलंस, मग अंगाला कसं बसेल?"

तिने ती चेष्टा उचलली आणि थेट धंद्यात घातली. त्यानंतर तिचं एकही घर ट्रायलशिवाय झालं नाही. नकाशा पक्का करायच्या आधी ती मोकळ्या जागेत बांबू रोवून, स्वस्तातल्या अस्तराच्या कापडाच्या भिंती लावून, अख्खं घर खऱ्या मापात उभं करायची. दारं म्हणजे कापडाला चिरा. मालकांनी एक दिवस त्यात राहायचं. खुर्च्या मांडायच्या, भांडायचं, आडवं पडायचं. अडेल तिथे खूण करायची. ती मापं वाचायची आणि मी कापायचो. कंत्राटदार म्हणायचे, "या बाई घर आधी शिवतात आणि मग बांधतात."

कोच बाईंची अट एकच होती. पहिल्या भेटीत म्हणाल्या, "मला माझ्या पलंगापासून पाण्यापर्यंत कुणाला हाक न मारता जायचंय. आणि तसंच परत वर यायचंय. खाली काय, दगडसुद्धा जातो."

ही घरी आली आणि दुसऱ्या दिवशी एक चाकांची खुर्ची भाड्याने आणली. मग सगळं खुर्चीतून. स्वयंपाक, फोन, नकाशे. मी दुकानातून परत यायचो तेव्हा ती मला दारातच चाकावर भेटायची. "मास्तर," म्हणायची, "आपल्या घरात वरच्या फळीवरचं सगळं दुसऱ्या गावात राहतं."

तिने जे काढलं त्यात जिना नव्हता. जागा अशी की वर रस्ता आणि खाली पाणी, मध्ये दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उतार. दुसऱ्या कुणीही भराव टाकून जागा सपाट केली असती. हिने उतारालाच घर केलं. रस्त्यावरच्या फाटकातून एक रुंद, सावकाश उतार निघतो. एक फूट खाली जायला पंधरा फूट पुढे. तो आडवा जातो, सपाट कट्ट्यावर वळतो, पुन्हा आडवा येतो, असा चार वेळा. आणि खोल्या त्याच्या कडेला. वरच्या वळणावर हॉल, मग स्वयंपाकघर, मग झोपायची खोली. शेवटचा उतार घरातून बाहेर पडतो आणि थांबत नाही, तसाच पाण्यात शिरतो. छप्पर एकच, लांब, जमिनीबरोबर खाली येणारं. भिंती साध्या काँक्रीटच्या. खिडक्या मात्र बसलेल्या माणसाच्या डोळ्याला. उभ्या माणसाला पाणी बघायचं तर वाकावं लागेल.

नकाशा जवळजवळ पुरा झाला होता. ट्रायल राहिली होती.

ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी बाई त्यांच्या धाकट्या भावाला घेऊन हिच्या ऑफिसात आल्या. ऑफिस आता आमची लेक बघते. तीही आर्किटेक्ट, पण आईच्या हाताखालून नुकतीच बाहेर आलेली. तिने बोलावलं म्हणून मीही गेलो होतो.

जागा दोघा भावंडांची होती आणि बांधकामाचा खर्च भाऊ करणार होता. त्याने टेबलावर एक मोठं चित्र उलगडलं. दुसऱ्या कुठल्यातरी ऑफिसातून आणलेलं. पुढून सगळी काच, दोन मजले, आत लिफ्ट. त्या चित्रात घर कमी आणि संध्याकाळ जास्त होती.

"पोरी, तुझ्या आईबद्दल मला आदर आहे," तो म्हणाला. "पण त्या असत्या तर त्यांना विचारलं असतं. आता मी कुणाला विचारू?"

"मला," लेक म्हणाली.

"तू अजून..."

"लहान आहे. माहीत आहे. विचारा तरी."

"हा जो उतार आहे, त्यावरून खुर्ची सुटली तर?"

"प्रत्येक वळणावर सपाट कट्टा आहे. सुटली तरी तिथे थांबेल."

"आणि शेवटच्या उतारावर? तिथून थेट पाण्यात!"

"अरे, मला पोहता येतं," बाई म्हणाल्या.

मला हसू आलं. भावाला नाही आलं. "चेष्टा पुरे, ताई. लिफ्ट घे. बटण दाबलं की खाली."

"आणि बंद पडली की?"

"माणूस येईल ना."

"तेच तर नकोय मला. माणूस येणार, माणूस उचलणार, माणूस ठेवणार. मी काय कपाट आहे?"

"मी तुला हॉस्पिटलात बघितलंय," तो एकदम हळू बोलला. "तू शुद्धीवर नव्हतीस. मी होतो. मला पुन्हा तसं बघायचं नाही."

मला तोपर्यंत त्या माणसाचा राग होता. त्यानंतर नीट रागावताही येईना. पण घर तर त्याच्याच हातात होतं. तो नाही म्हणाला असता तर बाई जन्मभर बटणाच्या आणि माणसाच्या भरवशावर. आणि माझ्या बायकोचं शेवटचं घर ऑफिसातल्या कपाटात गुंडाळी होऊन पडलं असतं.

मी म्हटलं, "ट्रायल घ्या."

"कसली?"

"घराची. कोट न घालता नको कसं म्हणता येईल?"

लेकीने त्याला समजावून सांगितलं. त्याने माझ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने पाहिलं. दोघांनाही वेड लागलंय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. शेवटी म्हणाला, "एकदा येईन. पटलं नाही तर हे चित्रातलं घर. मग पुन्हा हा विषय कुणी काढायचा नाही. कबूल, ताई?"

"कबूल," बाई म्हणाल्या. एवढं सगळं आता माझ्या कापडावर आलं होतं.

ही ट्रायल नेहमीसारखी सपाट मैदानात घेऊन भागणार नव्हतं. उताराचं घर उतारावरच उभं करायला हवं. हिच्याबरोबर कायम काम केलेला एक कंत्राटदार आहे, पोट सुटलेला, तोंडाने फटकळ. त्याला सांगितलं तर म्हणाला, "आमच्या बाईंसाठी करतो. तुमच्यासाठी नाही केलं असतं, मास्तर. तुम्ही माझी पँट दोनदा घट्ट शिवलीय."

"पँट नाही हो, तुम्हीच वाढलात."

ठरलं असं, की मी उताराच्या मापाच्या लांब पट्ट्या कापून द्यायच्या. मजुरांनी त्या जागेवर अंथरायच्या, तेवढी माती कापून, ठोकून सारखी करायची आणि वर प्लायवूड टाकायचं, म्हणजे खुर्ची चालेल. बाकी खोल्या नेहमीसारख्या बांबू आणि कापडाच्या.

दुकान बंद करून आम्ही दोघं बापलेक जमिनीवर बसलो. लेक मापं वाचू लागली. तिचा आवाज आईसारखा नाही, जरा जाड आहे. पण आकडा सांगून झाल्यावर क्षणभर थांबायची सवय तीच. दोन पट्ट्या मी झरझर कापल्या. तिसरीच्या वेळी मला खडूची रेघ दिसेना. लेक म्हणाली, "बाबा, पाणी आणू का?" मी म्हटलं, "माप सांग."

आणि इथेच माझा घोटाळा झाला.

शिंप्याचा हात मापाएवढं कापत नाही. शिवणीसाठी बाजूला जागा सोडतो, आम्ही तिला मार्जिन म्हणतो. ही पट्टी वाऱ्यावर राहायची, तर कडा आत दुमडून दुहेरी कापडातून खुंटी मारायला हवी, नाही तर फाटेल. म्हणून मी दोन्ही बाजूंना वीतभर सोडली. नेहमीच सोडायचो. आजवर कापड अंथरताना बायको स्वतः उभी असायची आणि कडा दुमडून घ्यायची. या वेळी मजुरांनी पट्ट्या अंथरल्या तेव्हा लेक ऑफिसात आणि मी दुकानात. वीतभर आत दुमडायचं आहे, हे मी कुणाला बोललोच नाही. शिंप्याला ते सांगावं लागत नाही. खणणाऱ्याला सांगावं लागतं.

कळलं ते ट्रायलच्याच दिवशी सकाळी. आम्ही पाण्याच्या बाजूने बांबू रोवत वर येत होतो. झोपायची खोली झाली. स्वयंपाकघर झालं. हॉलपाशी आलो तर हॉलला जागाच उरली नव्हती. लेकीने टेप टाकला, पुन्हा टाकला, आणि मग उताराला लावला.

"साडेपाच," ती म्हणाली. "बाबा, हा साडेपाच फूट का आहे?"

"किती हवा?"

"चार! मी तुम्हाला चार सांगितला होता!"

मी पट्टीची कड बघितली. कुठेही दुमडलेली नव्हती. "मार्जिन," मी म्हणालो.

"कसलं मार्जिन?"

"शिवणीचं."

"घराला शिवण असते का, बाबा?"

कंत्राटदार दोन्ही हात वर करून मोकळा झाला. "माझ्याकडे बघू नका. मास्तरांनी कापड दिलं, मी कापडाएवढं खणलं. हत्तीचं दिलं असतं तर हत्तीएवढं खणलं असतं."

"चार उतारांत मिळून सहा फूट गेले," लेक म्हणाली. "अख्खा हॉल खाल्ला. आता हे आईचं घर नाहीच." आणि ती त्या प्लायवूडवर मटकन बसली आणि रडली. आई गेली त्या दिवशीही ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मी शेजारी उभा. हात खिशात घालू की तिच्या डोक्यावर ठेवू ते कळेना. पुन्हा खणायला वेळ नव्हता. जेवणं झाली की भाऊ यायचा होता. ज्या घरासाठी एवढी धडपड, ते मीच बिघडवलं होतं, तेही बायकोच्या माघारी.

"आहे ते दाखवू," मी म्हणालो. "चूक झाली म्हणून सांगू."

"आणि तो म्हणेल, यांना साधी चार फुटांची पट्टी कापता येत नाही."

"म्हणू दे. खरंच आहे ते."

दुपारी गाडी आली. भावाने बाईंना खुर्चीत बसवलं आणि नेहमीच्या सवयीने मागची मूठ धरली.

"हात काढ," बाई म्हणाल्या.

"अगं पण..."

"माझी ट्रायल आहे. तुझी नाही."

त्याने हात काढले. बाईंनी चाकांना हात लावला आणि खुर्ची उतारावर घेतली. चाकाच्या कड्यावर तळहात दाबत, आवरत, सावकाश. भाऊ मागून चालू लागला. दोन्ही हात पुढे, पडणारं भांडं झेलायला धरावेत तसे. थोडं अंतर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की बाजूला जागा आहे. तो पुढे होऊन खुर्चीच्या शेजारी आला. बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि चाक थांबवलं.

"धाकट्या! तुला टक्कल पडलंय!"

"काय?"

"हे कधी झालं?"

"झाली की दोन वर्षं. रोज तर भेटतो तुला."

"भेटतोस, पण मागे असतोस ना," बाई म्हणाल्या. "मागून नुसता आवाज येतो तुझा. पुढे येतोस तेव्हा दार तरी उघडत असतोस नाही तर पायरी बघत असतोस."

त्याने डोक्यावरून हात फिरवला. दोघं तशीच शेजारी शेजारी खाली निघाली. पहिल्या वळणावर कापडाच्या भिंतीत मी खिडकी कापली होती. बाई तिथे थांबल्या आणि बघत राहिल्या.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं. "मला तर कापडच दिसतंय."

"ती तुझ्या उंचीची नाही. बस खाली."

चांगली इस्त्रीची पँट होती त्याची. तरी तो उकिडवा बसला. खिडकीतून समोर काठ नाही, दगड नाहीत, फक्त पाणी, आणि ते थेट डोळ्यासमोर, जसं पोहणाऱ्याला दिसतं. तो बराच वेळ उठला नाही. मी लेकीकडे पाहिलं. तिने डोळे पुसले होते. पेन्सिल कानामागे अडकवली होती.

शेवटच्या उतारावर बाईंनी वेग जरा सोडला. पुढची लहान चाकं पाण्यात गेली तेव्हाच थांबल्या. वाकून पाण्यात हात घातला आणि तोंडावरून फिरवला. पण खरी परीक्षा अजून पुढेच होती. त्यांनीच म्हटलं होतं, खाली दगडसुद्धा जातो.

त्या वर निघाल्या. पहिला उतार चढून कट्ट्यावर आल्या, दम घेतला. दुसरा चढल्या. तिसऱ्यावर मध्येच हात घसरला आणि खुर्ची मागे सरकली. भाऊ झेपावला. "मागे येऊ नकोस!" बाई ओरडल्या. हाच तो तलावाच्या काठावरचा आवाज असणार. कंत्राटदारसुद्धा जागच्या जागी थांबला. "बाजूला राहा. बाजूला राहून बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या घाल."

"लहानपणी तू मला पाण्यात ढकललं होतंस," तो म्हणाला. "काही सांगितलं नाहीस, नुसतं ढकललंस. मी नाकातोंडात पाणी जाऊन मरायला आलो होतो."

"आलास ना वर?"

"आलो."

"मग?" बाई म्हणाल्या, आणि चाकाला जोर लावला.

अख्खा तिसरा उतार तो त्यांना जुनी गाऱ्हाणी सांगत शेजारून चालला. कुणी कुणाचं काय फोडलं, कुणी कुणाचं नाव सांगितलं. चौथ्यावर दोघंही हसत होती आणि दोघांनाही धाप लागली होती. फाटकाशी पोचल्यावर बाईंनी दोन्ही हात मांडीवर टाकले. तळवे लाल झाले होते. कंत्राटदाराने जोरात टाळ्या वाजवल्या आणि मग लाजून बांबू बघायला लागला.

भाऊ लेकीकडे वळला. "हे असंच बांधायचं. आहे असं."

लेक म्हणाली, "काका, एक सांगायचंय. हा उतार चुकून रुंद झालाय. आईच्या नकाशात चार फूट आहे."

"चूक माझी," मी म्हणालो. "शिवणीची जागा सोडली."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बहिणीकडे. "चार फुटांत मी कुठे असतो?"

"माझ्या मागे," बाई म्हणाल्या. "मास्तर, एक इंचसुद्धा कमी करू नका. मी एकटी जाईन आणि एकटी येईन. पण कुणी सोबत यायचं म्हटलं तर त्यानं बाजूनं यावं."

"पण हॉल गेला," लेक म्हणाली.

"माझ्याकडे येतात ते सगळे ओले येतात. त्यांना हॉल कशाला? एक बाक दे आणि न घसरणारी फरशी दे."

घरी जाताना लेक गाडीत म्हणाली, "आईला चाललं असतं का हो?"

खरं सांगायचं तर मलाही ते घर तिने काढलं तसंच हवं होतं. रेघ न रेघ. आता तिचं म्हणून जे काही उरलंय त्यात कुणी हात घालू नये असं वाटायचं, आणि हात घातला तो नेमका मीच. पण लेकीला मी जे उत्तर दिलं तेही खरंच होतं. म्हटलं, "तुझ्या आईने एवढ्या ट्रायली घेतल्या. एकीनंतर तरी नकाशा आहे तसा ठेवला का?"

"नाही."

"ती खुर्चीत बसून घरभर फिरायची तेव्हा घरात दुसरं कुणी नसायचं. म्हणून तिने उतार एकीच्या मापाचा काढला. ट्रायलला ती असती तर तिनेही ते टक्कल ऐकलं असतं."

लेक हसली. त्याच आठवड्यात तिने नवा नकाशा काढला. हॉलच्या जागी बाक आला. सहा फुटांमुळे छपराचा सगळा हिशोब बदलला, तो तिने एकटीने बसवला. कंत्राटदाराशी दोनदा कडाक्याचं भांडण केलं आणि दोन्ही वेळा जिंकली. दुसऱ्या वेळेनंतर तो माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "मास्तर, मला वाटलं होतं सुटलो. कसलं काय! आमच्या बाई परत आल्यात." मी त्याला चहा पाजला आणि पँटचं माप घेतलं.

घर उभं राहिलं. रस्त्यावरून बघाल तर फार काही दिसत नाही, एक लांब उतरतं छप्पर आणि फाटक. येणारे-जाणारे विचारतात, घर कुठे आहे? आत शिरलात की मात्र पाय आपोआप चालू लागतात. पायरी नाही, उंबरा नाही. एका भिंतीला हात लावून निघालात तर पाणी लागेपर्यंत हात उचलावा लागत नाही. काँक्रीटवर फळ्यांचे ठसे तसेच ठेवलेत. खिडक्या बसक्या. तिथे आलेला प्रत्येक उभा माणूस आधी कुरकुरतो आणि मग वाकतो.

बाईंनी पहिल्यांदा पाण्यात उतरायचा दिवस ठरवला तेव्हा त्यांचे जुने शिष्य आले. पोरं म्हणायच्या वयाची कुणी राहिली नव्हती. पिकल्या केसांची माणसं, पोटं सुटलेली, काही आपल्या नातवंडांना घेऊन. सगळी शेवटच्या उताराच्या दोन्ही बाजूंना, काठावर उभी राहिली. बाई पलंगावरून उठल्या ते कुणीच पाहिलं नाही, कारण त्यांनी कुणाला हाक मारली नाही. एकदम तिसऱ्या वळणावरच दिसल्या. पोहायचा पोशाख, डोक्याला टोपी, पाण्यात चालणारी प्लास्टिकची खुर्ची.

उजव्या हाताला स्टीलचा कठडा पाण्यात खोलवर जातो. बाईंनी तो धरला आणि उतरत गेल्या. पाणी चाकांना लागलं, मांडीला लागलं, कमरेला लागलं. मग त्यांनी खुर्ची सोडली.

मी आयुष्यभर माणसांची अंगं मापली आहेत. कुणाचं काय वाकडं, कुठे कमी, कुठे जास्त, ते मला कपड्याआडून कळतं. पाण्यात त्या बाईंच्या अंगात मला काहीही कमी दिसलं नाही. दोन हात बाहेर येत होते आणि आत जात होते, जशी चांगली शिवण सरळ जाते तशी रेघ मागे पडत होती. त्या लांबवर गेल्या, वळल्या, आणि तिथून ओरडल्या, "कोरडे का उभे आहात सगळे? फी भरलीय ना?"

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. जुने शिष्य कपड्यांसकट पाण्यात पडले. नातवंडं आजोबांना बघून किंचाळायला लागली. कंत्राटदार पडला तेव्हा पाणी काठावर आलं. भावाने बूट काढले, घड्याळ माझ्या हातात दिलं आणि उडी मारली. ती पँट मी शिवली होती. त्या कापडाला पाणी लावायचं नसतं. लेक वरच्या वळणावर, त्या बसक्या खिडकीशी वाकून बघत होती. तिने दोन्ही मुठी वर केल्या.

मला पोहता येत नाही. मी घोटाभर पाण्यात बाईंची रिकामी खुर्ची धरून उभा होतो. एरवी बायको माझ्या शेजारी असायची अशा वेळी. लोक तिचं कौतुक करायचे आणि ती मला कोपराने ढोसायची. त्या दिवशी कोपर नव्हतं. पण मान खाली घालून उभं राहावं असंही मला वाटलं नाही. मी तिच्या घराकडे वर पाहिलं, मोठ्याने "बसलं बरं का अंगाला" म्हणालो, आणि कुणी ऐकलं तर ऐकू दे म्हटलं.

बाई आता रोज उतरतात. एकट्या उतरतात, एकट्या चढतात. फक्त उताराच्या पाण्यातल्या शेवटच्या तुकड्यावर डाव्या बाजूला अजून धरायला काही नाही, म्हणून तिथे कुणीतरी बाजूने चालतं. कधी भाऊ, कधी लेक, कधी मी पँट दुमडून. पाणी पुरेसं खाली गेल्याशिवाय तिथे खोदता येत नाही. डावीकडचा कठडा बसवायचा राहिला आहे.